थेरीगाथेतील घर : उखळ, मुसळ आणि पती

पालि साहित्यातून प्राचीन भारतीय कुटुंबजीवनाचा शोध घेणाऱ्या अभ्यासकापुढे आरंभीच एक अडचण उभी राहते. हे साहित्य ज्यांनी मुखोद्गत करून जतन केले, ते घर सोडून गेलेले लोक होते. त्यांच्या वचनांत घर येते ते बहुधा उपदेशाचा विषय म्हणून, किंवा मागे टाकलेले बंधन म्हणून. या दोन प्रकारच्या साक्षींचे मोल सारखे मानता येत नाही.

पहिल्या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त. पत्नीचा सन्मान करावा, तिची अवहेलना करू नये, व्यभिचार करू नये, घरातील अधिकार तिच्या हाती सोपवावा, तिला अलंकार द्यावेत, अशी पतीची पाच कर्तव्ये त्यात सांगितली आहेत. पत्नीचीही तितकीच आहेत. परस्परांवर कर्तव्ये घालणारी ही रचना आपल्या काळी नि:संशय महत्त्वाची होती. परंतु हे सुत्त घर कसे असावे ते सांगते; घर कसे होते याचा पुरावा म्हणून ते उद्धृत करण्याची आपल्याकडील सवय आम्हांस सदोष वाटते.

थेरीगाथेची गोष्ट वेगळी आहे. खुद्दकनिकायातील ७३ काव्यांच्या व ५२२ गाथांच्या या संग्रहात घराचा उल्लेख येतो तो त्यातील वस्तूंसह. मुत्ता थेरी आपण तीन वाकड्या गोष्टींतून सुटल्याचे सांगते. उखळ, मुसळ आणि वाकडा पती, या त्या तीन गोष्टी होत. (मराठी वाचकास पहिल्या दोन शब्दांसाठी कोश उघडावा लागत नाही.) अनेक शतकांनंतर धम्मपालाने आपल्या अट्ठकथेत या गाथेचा अर्थ लावताना म्हटले आहे की, धान्य उखळात घालताना व मुसळाने कांडताना पाठ वाकवावी लागते, म्हणून त्या दोन साधनांना वाकडे म्हटले, पती मात्र खरोखरच कुबडा होता. यापैकी पहिले स्पष्टीकरण आम्हांस मोलाचे वाटते, कारण त्यात कांडणाऱ्या स्त्रीची पाठ दिसते. कुबड्या पतीची कथा गाथेतील शब्दावरूनच रचली गेली असणे शक्य आहे. गाथा आणि अट्ठकथा यांची सरमिसळ करून थेरींची चरित्रे लिहिणाऱ्यांनी एवढे भान ठेवावयास हवे.

आता थेरगाथेकडे वळू. तेथे सुमंगल थेर जवळजवळ त्याच शब्दांत तीन वाकड्या गोष्टींतून सुटल्याचा आनंद व्यक्त करतो. त्याच्या तीन गोष्टी आहेत विळा, नांगर आणि लहान कुदळ. म्हणजे ही शब्दयोजना कोणा एकाच्या आत्मकथनाची नसून प्रचलित साचा असावी. परंतु साचा एकच असल्यामुळेच त्यात भरलेला मजकूर बोलका ठरतो. पुरुषाच्या यादीत तिन्ही शेतीची अवजारे आहेत, पत्नी नाही. स्त्रीच्या यादीत दोन साधने आहेत आणि तिसऱ्या जागी पती आहे. अट्ठकथेनुसार ज्या थेरीचा पुत्र सुमंगल नावाचा होता, तिच्या गाथेतही मुसळ आणि निर्लज्ज पती एकत्रच येतात. त्या थेरीचे स्वत:चे नाव मात्र संग्रहात उरलेले नाही. ती सुमंगलमाता म्हणूनच ओळखली जाते.

सर्वांत विस्तृत साक्ष इसिदासीची आहे. तिच्या काव्यात पाटलिपुत्र नगर म्हणून येते. महापरिनिब्बान सुत्तात मात्र ते अद्याप पाटलिगाम आहे. त्यावरून हे काव्य बुद्धकाळानंतरचे ठरते. उज्जेनीच्या श्रेष्ठीची ही कन्या साकेतच्या श्रीमंत घरी दिली गेली. सकाळ-संध्याकाळ सासूसासऱ्यांच्या पाया पडणे, पतीची भावंडे दिसताच उठून आसन देणे, फणी, आरसा व अंजन घेऊन दासीप्रमाणे पतीस सजविणे, स्वत: भात रांधणे, स्वत: भांडी घासणे, असा तिचा दिनक्रम होता. सिगालोवाद सुत्तातील पत्नीची कर्तव्ये तिने पुरेपूर पाळली, असेच म्हणावे लागेल. तरीही पतीने तिच्याबरोबर राहण्यास नकार दिला. आईवडिलांनी कारण विचारता त्याने तिचा काही अपराध सांगितला नाही. फक्त नको म्हटले. व्यथित सासूसासऱ्यांनी तिला माहेरी पोहोचविले. पित्याने तिला दुसऱ्या घरी दिले, ते पहिल्या श्रेष्ठीने दिलेल्या शुल्काच्या निम्म्या शुल्कावर. वधूमूल्याचा असा उघड हिशेब काव्यात नोंदला जाणे इतिहासकारास दुर्मीळच. तेथे ती महिनाभर राहिली. तिसरा पती भिक्षा मागत फिरणारा तापस होता; तो पंधरवड्यात निघून गेला.

या साऱ्याचे कारण इसिदासी आपल्या पूर्वजन्मीच्या कर्मात पाहते. तो तिचा धर्मविचार आहे व त्याचा आदर ठेवूनच वाचावयास हवे. पण निम्म्या शुल्काचे कारण तेवढ्याने उलगडत नाही. ते विवाहाच्या व्यवहारातच शोधले पाहिजे.

पुढे भिक्षेस आलेल्या जिनदत्ता थेरीला पाहून इसिदासीने प्रव्रज्येचा निश्चय केला, तेव्हा पित्याचे पहिले उत्तर असे होते की, याच घरात राहून धर्माचरण कर, श्रमण-ब्राह्मणांना अन्नदान कर. विनयपिटकातील भिक्खुनींच्या नियमांनुसार मातापित्यांच्या वा पतीच्या अनुमतीवाचून उपसंपदा देणे हा दोष होता. इसिदासीला सोडून जाणाऱ्या तिघांपैकी कोणालाही कोणाच्या अनुमतीसाठी अडून राहावे लागल्याचे दिसत नाही. घरच्यांनी मन वळविण्याचा यत्न केला, एवढेच. तिला मात्र हात जोडून, रडत पित्याची विनवणी करावी लागली, आणि मगच त्याने होकार दिला.