टेबलावरची हॉकी

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद उभा राहतो. १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या संघाने अमेरिकेचा २४ विरुद्ध १ असा धुव्वा उडवला, ही हकीकत वर्गात सांगताना आजही माझा आवाज चढतो आणि त्या तासाचे व्याकरण हमखास मागे पडते. त्याच १९३२ साली, पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला, कॅनडातल्या टोरांटो शहरी एका साध्यासुध्या घरात हॉकीचा एक निराळाच अवतार जन्माला येत होता. त्याची कथा मला फार आवडते; कारण ती रिकाम्या खिशापासून सुरू होते.

तिकडची हॉकी बर्फावरची. पायांत पोलादी पात्यांचे बूट, आणि चेंडूच्या जागी रबराची जाड काळी चकती. त्या वर्षीच्या एप्रिलात टोरांटोच्या मेपल लीफ्स संघाने न्यूयॉर्कच्या रेंजर्सना हरवून स्टॅनली चषक जिंकला होता. आदल्या नोव्हेंबरातच त्यांचे नवे क्रीडागृह उघडले होते, आणि फॉस्टर ह्यूइट नावाचा गृहस्थ तिथून रेडिओवर सामन्याचे वर्णन करी. अशा गावातल्या पोराटोरांच्या डोक्यात दुसरे काय असणार?

पण दिवस मोठे कठीण होते. १९२९ साली न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, त्याची झळ कॅनडाला भाजून काढीत होती. १९३३ पर्यंत तिथल्या कामकऱ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक लोक बेकार झाले. नाताळ तोंडावर आला, आणि डोनाल्ड मन्रो नावाच्या बापाजवळ मुलांना खेळणे घेण्यापुरते पैसे नव्हते. आपल्याकडे दिवाळीत मुलांच्या नव्या कपड्यांचे जमत नाही तेव्हा बापाचा चेहरा कसा होतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगायला नको.

मन्रोने घरातली अडगळ धुंडाळली. कोळशाच्या कोठीच्या फळ्या, कोट अडकवायच्या तारा, मोडक्या घड्याळातल्या स्प्रिंगा, खाटीक मांस बांधून देतो तसली सुतळी. एवढ्या सामग्रीतून त्याने हॉकीचे मैदान उभे केले. मधोमध किंचित उंचवटा, दोन्ही टोकांना गोल, आणि बाजूच्या दांड्या हलवल्या की आत उडणारे चिमुकले हात. चकतीच्या जागी गोळी होती. मुलांचा नाताळ साजरा झाला. पुढे त्याने तसलाच एक खेळ ईटन्स नावाच्या बड्या दुकानात विक्रीला ठेवला. तो घरी पोचायच्या आतच तो विकला गेला आणि आणखी सहांची मागणी आली, असे सांगतात. अशा गोष्टींना थोडा मुलामा चढतोच, पण खेळ बाजारात आला आणि पुढे वर्षानुवर्षे खपत राहिला, यात शंका नाही.

आता एक प्रश्न उरतो. खेळ आला, मुलेही आली. पण मित्रामित्रांतल्या चुरशीची स्पर्धा कशी होते?

याचे उत्तर मला कॅनडात नव्हे, आमच्या वाड्यात मिळाले. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पोरे कॅरमचे सामने भरवत असू. वहीच्या पानावर नावांच्या जोड्या पाडायच्या, भिंतीला कागद चिकटवायचा, की झाली स्पर्धा. आमचा बोर्ड एका कोपऱ्याकडे उतरता होता. ते आम्हांला ठाऊक, पाहुण्यांना नाही. साहजिकच आमच्या वाड्यातला वीर शेजारच्या वाड्यात गेला की मार खाऊन येई. शिवाय प्रत्येक घरचे नियम वेगळे, आणि बोर्ड ज्याच्या मालकीचा त्याचा नियम खरा. एकदा अंतिम सामन्यात मी मारलेली राणी खड्ड्यात पडली आणि कडेला आपटून पुन्हा बाहेर आली. मी म्हणालो, पडली. समोरचा म्हणाला, नाही. बोर्ड माझ्या मामाचा होता. सामना मी जिंकला, आणि आमच्यातले बोलणे तुळशीच्या लग्नापर्यंत बंद राहिले.

टेबल-हॉकीचेही तेच. घरोघरचे मैदान वेगळे तोवर घरोघरचा राजाही वेगळा. १९५४ च्या सुमारास मॉन्ट्रियलच्या ईगल कंपनीने पत्र्याचे रंगीत खेळाडू आणले. पण खरा पालट झाला तो स्वीडनमध्ये. ट्रानोस गावच्या स्टिगा कंपनीने १९५७ साली आपला खेळ काढला. त्याच वर्षी मॉस्कोत स्वीडनने बर्फावरच्या हॉकीचे जगज्जेतेपद मिळवले होते. तेव्हा मुहूर्त उत्तम लागला म्हणायचा. प्रत्येक बाजूला सहा खेळाडू, पायाखाली खाचा, हातात लांब सळया. सळई पुढेमागे सरकवली की गडी धावतो, पिरगाळली की फटका मारतो. हाच खेळ हळूहळू घराघरांतून गेला. खाचा त्याच, अंतरे तीच. मग एका गावच्या पोराने दुसऱ्या गावच्या पोराला आव्हान द्यायला अडचण कसली! पहिली जागतिक स्पर्धा १९८९ साली स्टॉकहोमला झाली, आणि २००५ साली आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. तळघरातल्या बापाला हे स्वप्नातही सुचले नसते.

मी मास्तर माणूस. त्यांचे नियम मिळवून वाचून काढले. सामना पाच मिनिटांचा, आणि मध्ये घड्याळ थांबत नाही. खेळाची पेटी हिसकायची नाही. बहुतेक सामन्यांत पंच नसतोच. समोरासमोरच्या दोघांनीच काय ते ठरवायचे. आणि चकती गोलच्या जाळीत जाऊन बाहेर उसळली, तर तो गोल धरायचा नाही. ती आत राहिली पाहिजे.

या नियमाशी मी बराच वेळ थांबलो. नंतर पोस्टकार्ड घेतले आणि शेजारच्या वाड्यातल्या त्या सोबत्याला, आज दोन नातवंडांचा आजोबा झालेल्याला, लिहिले की, बाबा रे, त्या दिवाळीतली राणी काही पडली नव्हती. बोर्ड घेऊन केव्हा येऊ?