बेथ्नल ग्रीनचे भावनगरी

१८९५ च्या जुलैत लंडनच्या पूर्व भागातील बेथ्नल ग्रीन ईशान्य या मतदारसंघाचा निकाल लागला आणि जॉर्ज हॉवेल पडले. हॉवेल मूळचे गवंडी. कामगार चळवळीत त्यांची हयात गेलेली, आणि दहा वर्षे ते लिबरल पक्षाच्या बाजूने तिथले खासदार होते. त्यांना १६० मतांनी हरवणारा उमेदवार कॉन्झर्वेटिव्ह पक्षाचा होता, आणि तो मुंबईचा पारशी होता. एका काळ्या, परक्या माणसाने आपल्याला बाहेर काढले, ही हॉवेल यांची कडवट तक्रार इतिहासात नोंदली गेली आहे. कष्टकऱ्यांचा कैवारी वर्णाची भाषा बोलत होता आणि साम्राज्याभिमानी पक्ष हिंदी माणसाला निवडून आणत होता. मंचरजी मेरवानजी भावनगरी यांची सारी कहाणी अशीच उलटसुलट आहे.

दादाभाई नौरोजींचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी ते निवडून आले. १९२२ मध्ये बॅटरसीतून निवडून आलेले कम्युनिस्ट शापुरजी सकलातवालाही डाव्या चळवळीच्या आठवणीत आहेत. या दोघांच्या मधले भावनगरी मात्र विस्मरणात गेले. तिघेही पारशी, तिघांच्याही घडणीत मुंबई. एक लिबरल, एक कॉन्झर्वेटिव्ह, एक कम्युनिस्ट. मधल्याला विसरण्याचे कारण उघड आहे. पुढे जे राष्ट्र घडले, त्याच्या कथेत त्याला सोयीची जागा नव्हती.

भावनगरींचा जन्म १८५१ चा, मुंबईचा. एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण, मग काही काळ पत्रकारी. वडील भावनगर संस्थानाचे मुंबईतील वकील, म्हणजे संस्थानाचे प्रतिनिधी होते. त्यांच्या मागे ते काम मुलाकडे आले. व्हिक्टोरिया राणीच्या स्कॉटलंडमधील रोजनिशीचे त्यांनी गुजराती भाषांतर केले. १८८२ मध्ये ते कायदा शिकायला लंडनला गेले, १८८५ मध्ये बॅरिस्टर झाले, भावनगरला परतून तिथल्या न्यायव्यवस्थेच्या सुधारणेत त्यांनी काम केले आणि १८९१ च्या सुमारास कायमचे इंग्लंडला स्थायिक झाले. संस्थान, दरबार, वकिली या जगात वाढलेल्या माणसाला सत्तेशी भांडण्यापेक्षा सत्तेच्या दालनात बसून शब्द टाकणे अधिक परिणामकारक वाटले, तर त्यात नवल नाही.

आज आपण ज्याला स्थलांतरित म्हणतो तसा त्यांचा कायदेशीर दर्जा नव्हता, हे इथे लक्षात ठेवायला हवे. हिंदी माणूस ब्रिटिश प्रजाजन होता. त्याला नागरिकत्वासाठी अर्ज करावा लागत नसे. पार्लमेंटला उभे राहण्याचा हक्क त्याला होताच. अडचण होती ती मते मिळवण्याची. दादाभाई १८८६ मध्ये होबर्नमध्ये पडले, त्यानंतर दोन वर्षांनी लॉर्ड सॅलिसबरी यांनी एडिंबरोच्या भाषणात म्हटले होते की इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देण्याइतके अजून पुढे आलेले नाहीत. १८९५ मध्ये हेच सॅलिसबरी पंतप्रधान होते, आणि त्यांच्याच पक्षाच्या बाकावर भावनगरी जाऊन बसले. त्याच निवडणुकीत दादाभाई पराभूत झाले.

बेथ्नल ग्रीन ही गरिबांची वस्ती. जुना रेशीम विणकरीचा धंदा मोडकळीस आलेला, सुतारकाम आणि फर्निचरच्या छोट्या कारखान्यांवर पोट भरणारी माणसे. भावनगरींनी त्यांच्यापुढे मांडले ते साम्राज्याचे ऐक्य आणि आयर्लंडच्या स्वराज्याला विरोध. दादाभाई आयर्लंडच्या बाजूचे, म्हणून हा पारशी त्यांचा उतारा म्हणूनही पुढे आणला गेला. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्यासारख्यांचा पाठिंबा त्यांना होता. काँग्रेसच्या मागण्यांना त्यांचा विरोध होता. साहजिकच इकडच्या राष्ट्रीय विचाराच्या मंडळींनी त्यांच्या आडनावाच्या इंग्रजी उच्चारावर कोटी केली: ‘बो अँड अग्री’, म्हणजे वाका आणि होकार द्या. १८९७ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली, तेव्हा ती कोटी अनेकांना खरी वाटली असेल.

पण पार्लमेंटातली त्यांची दहा-अकरा वर्षे पाहिली की ही कोटी अपुरी ठरते. हिंदुस्थानातील धंदे बुडत आहेत आणि त्यावर धंदेशिक्षण, तांत्रिक शिक्षण हवे, हा धोशा त्यांनी सरकारमागे लावला. त्याहून मोठे काम दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचे. बोअर युद्धापूर्वी ब्रिटिश मंत्री सांगत होते की ट्रान्सवालमध्ये राणीच्या हिंदी प्रजेला वाईट वागणूक मिळते. युद्ध जिंकले, ट्रान्सवाल ब्रिटिशांकडे आला, आणि १८८५ च्या बोअर कायद्यातली नोंदणी, तीन पौंडांची फी आणि वेगळ्या वस्त्या ब्रिटिश अधिकारी अधिक काटेकोरपणे लादू लागले.

गांधी जोहान्सबर्गहून माहिती पाठवत आणि भावनगरी ती वसाहतमंत्र्यांपर्यंत नेत. आपल्याच पक्षाचे वसाहतमंत्री लिटलटन यांना त्यांनी सविस्तर निवेदन दिले. १९०६ मध्ये गांधी आणि हाजी वजीर अली लंडनला आले, तेव्हा लॉर्ड एल्गिन यांना भेटलेल्या शिष्टमंडळात भावनगरी होते. दादाभाईही त्याच शिष्टमंडळात होते. नंतर स्थापन झालेल्या समितीच्या कामातही भावनगरी पुढे राहिले. गांधींनी दक्षिण आफ्रिकेतील लढ्याचा इतिहास लिहिताना या मदतीची आठवण ठेवली.

इथे त्यांच्या सनातनी राजकारणाचा खरा कस लागतो. ते हक्क मागत होते ते स्वराज्याच्या नावाने नव्हे, तर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याच्या नावाने: तुम्हीच शब्द दिला होता, तो पाळा. निष्ठावंताच्या तोंडून आलेली मागणी झटकणे सत्तेला जड जाते, हे त्यांचे बळ होते. मर्यादाही तीच होती. एल्गिन यांनी ट्रान्सवालच्या वटहुकमाला मंजुरी नाकारली. पण १९०७ मध्ये ट्रान्सवालला स्वायत्तता मिळताच तोच कायदा पुन्हा संमत झाला. ज्याने शब्द दिला त्यालाच तो पाळायचा नसेल, तर निष्ठावंताच्या हाती दुसरे काय उरते? गांधींनी या प्रश्नाचे उत्तर सत्याग्रहात शोधले. भावनगरी निवेदने लिहीत राहिले.

त्यांच्या मतदारसंघातच या राजकारणाची दुसरी बाजू दिसत होती. रशियन साम्राज्यातून पळून आलेले ज्यू पूर्व लंडनमध्ये येत होते आणि त्यांच्याविरुद्धचे आंदोलन याच वस्त्यांत पेटले होते. १९०५ मध्ये कॉन्झर्वेटिव्ह सरकारने परकीयांना रोखणारा कायदा केला. ट्रान्सवालमध्ये हिंदी माणसाला अडवणारे आणि लंडनच्या बंदरात ज्यू माणसाला अडवणारे तर्क फारसे वेगळे नव्हते. साम्राज्याची प्रजा आत, बाकीचे बाहेर, या रेषेवर ज्याचे स्वतःचे स्थान उभे आहे, त्याला ती रेषा पुसणे परवडत नाही.

१९०० मध्ये भावनगरी अधिक मताधिक्याने निवडून आले होते. १९०६ च्या लिबरल लाटेत ते पडले. पुढे लंडनच्या पारशी मंडळींचे नेतृत्व त्यांनी दीर्घकाळ केले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानच्या राजनिष्ठेची बाजू मांडणारी पुस्तिका लिहिली. १९३३ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर आशियाई वंशाचा दुसरा कॉन्झर्वेटिव्ह खासदार कॉमन्समध्ये पोहोचायला १९९२ साल उजाडावे लागले. आणि २०२२ मध्ये हिंदी वंशाचे ऋषी सुनक त्याच पक्षाचे पंतप्रधान झाले.

त्या वेळी वर्तमानपत्रांत दादाभाईंची आठवण अनेकांनी काढली. खरे तर त्या बाकावर आधी बसले होते ते भावनगरी. दारातून आत गेलेल्याने मागच्यांसाठी दार उघडे ठेवावे की नाही, हा त्यांच्यापुढे असलेला प्रश्न स्थलांतरितांच्या प्रत्येक पिढीतून कोणी ना कोणी सत्तेच्या बाकावर पोहोचला की पुन्हा विचारावा लागतो.