चष्म्याच्या प्लास्टिकवरचा टाइमस्टॅम्प

विषय सौर वाऱ्याचा, पण सुरुवात माझ्या चष्म्यापासून. याची ‘काच’ काच नाहीच, प्लास्टिक आहे. अशा भिंगांसाठी सीआर-३९ नावाचं प्लास्टिक वापरतात. त्याच प्लास्टिकच्या चकत्या २९ एप्रिल १९८५ ला ‘चॅलेंजर’मधून अंतराळात गेल्या. सोबत दोन माकडं आणि चोवीस उंदीरही होते, पण तो वेगळा एपिसोड!

प्रयोगाचं नाव ‘अनुराधा’. कुलाब्याच्या टीआयएफआरचा प्रयोग, प्रमुख सुकुमार बिस्वास. १९८४ चे राकेश शर्मा शाळेतच पाठ झाले होते. अनुराधा मला बीटेक झाल्यावर कळली.

भानगड अशी होती. १९७० च्या दशकात वैश्विक किरणांत काही विचित्र कण सापडले. ऑक्सिजन भरपूर, कार्बन अगदी कमी. १९७४ मध्ये एक कल्पना मांडली गेली: ताऱ्यांमधल्या पोकळीतले साधे अणू सूर्यमालेत शिरतात, सूर्यप्रकाशाने त्यांचा एक इलेक्ट्रॉन उडतो, सौर वारा त्यांना ओढून बाहेर नेतो आणि तिकडे त्यांना प्रचंड वेग मिळतो. हे खरं असेल तर त्यांच्यावर बहुतेक एकच विद्युतभार हवा.

भार मोजायचा कसा? पृथ्वीचं चुंबकत्व वापरून. जास्त भाराचा कण जास्त वळतो, त्यामुळे विषुववृत्ताच्या दिशेने फार आत येऊ शकत नाही. आत आलेला सापडला, तर भार कमी. पण त्यासाठी कण आदळला तेव्हा यान नेमकं कुठे होतं, म्हणजेच वेळ काय होती, हे कळायला हवं. आणि प्लास्टिकला कुठलं घड्याळ! टाइमस्टॅम्प नसलेला लॉग किती कामाचा, हे माझ्या फील्डमधल्या कोणालाही विचारा.

यांची युक्ती मला जाम आवडते. चकत्यांच्या दोन थप्प्या. वरची स्थिर, खालची अगदी हळू फिरणारी. कण दोन्हींतून आरपार जातो. नंतर वरची आणि खालची रेघ एकमेकींपासून जेवढ्या कोनात सरकलेली दिसेल, त्यावरून वेळ काढायची. बस्स, हाच टाइमस्टॅम्प!

सात दिवसांनी यान उतरलं. प्लास्टिक गरम कॉस्टिक सोड्यात बुडवलं की कणाच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली एकेक शोधायचे. चिकाटीचं काम. नऊ महिन्यांच्या आत, २८ जानेवारी १९८६ ला, तेच चॅलेंजर सात अंतराळवीरांसह नष्ट झालं. अनुराधाच्या चकत्या आधीच्या फेरीत परतल्या होत्या म्हणून वाचल्या. त्यांतल्या ऑक्सिजनच्या खुणांनी एकाच भाराच्या बाजूने कौल दिला. पुढे ‘सॅम्पेक्स’ उपग्रहाने त्याला दुजोरा दिला.

आता ‘आदित्य-एल१’ वरचं ‘स्टेप्स’ उपकरण सूर्याकडून येणारे वेगवान कण थेट इलेक्ट्रॉनिक्सने मोजतं. सप्टेंबर २०२३ मध्ये, पृथ्वीपासून ५०,००० किलोमीटरहून दूर गेल्यावर, ते सुरू झालं. डेटा रेडिओने घरी येतो. कॉस्टिक सोडा लागत नाही.