सर्पगंधा ते रिसर्पिन : एका औषधी वनस्पतीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वनौषधी नैसर्गिक असल्यामुळे ती निरुपद्रवी असते, असा समज समाजात दृढ आहे. सर्पगंधा या वनस्पतीचा विसाव्या शतकातील इतिहास हा समज तपासून पाहण्यास भाग पाडतो. प्रस्तुत लेखात या वनस्पतीचा पारंपरिक उपयोग, तिच्यातील क्रियाशील घटकांचा शोध आणि तिच्या वापरातील धोके यांचा आढावा घेतला आहे.

पारंपरिक उपयोग :
सर्पगंधेचे मूळ सर्पदंश, निद्रानाश व उन्माद यांवर भारतात दीर्घकाळ वापरले जात असे. बिहारमध्ये तर ते ‘पागल की दवा’ या नावानेच परिचित होते. सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य लिओनहार्ट राउवोल्फ यांच्या स्मरणार्थ या प्रजातीस ‘राउवोल्फिया’ हे शास्त्रीय नाव मिळाले.

रासायनिक व वैद्यकीय संशोधन :
इ.स. १९३१ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी सलीमुज्जमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी सर्पगंधेच्या मुळातून अल्कलॉइड वेगळी केली व त्यांपैकी एकास हकीम अजमल खान यांच्या स्मृत्यर्थ ‘अजमालिन’ असे नाव दिले. त्याच वर्षी गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोन्ही विकारांवर हे मूळ उपयुक्त असल्याचे प्रसिद्ध केले. तथापि पाश्चात्त्य वैद्यकाने त्याची फारशी दखल घेतली नाही.

ही उपेक्षा संपविण्याचे श्रेय मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांना जाते. त्यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. या कार्यासाठी १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार प्राप्त झाला. दरम्यान १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातील प्रमुख क्रियाशील घटक ‘रिसर्पिन’ वेगळा केला आणि १९५६ मध्ये वुडवर्ड यांनी त्याचे संपूर्ण संश्लेषण साध्य केले. नॅथन क्लाइन यांनी १९५४ मध्ये मनोरुग्णांवरील त्याच्या उपयोगाचे निष्कर्ष मांडले. अशा रीतीने या दोन्ही गुणांस प्रयोगाचा आधार मिळाला.

कार्यपद्धती व धोके :
रिसर्पिनमुळे मज्जापेशींतील सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन व डोपामिन यांचा साठा रिता होतो. त्यामुळे रक्तदाब उतरतो व मन शांत होते. परंतु नाक चोंदणे, गुंगी, नाडीची गती मंदावणे, जठरव्रण यांसारखे दुष्परिणामही त्याच क्रियेतून उद्भवतात. १९५० च्या दशकात काही रुग्णांमध्ये तीव्र नैराश्य आढळल्याच्या नोंदी झाल्या. नंतरच्या परीक्षणांत या संबंधाच्या व्याप्तीविषयी शंका उपस्थित झाली असली, तरी नैराश्याचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णांस हे औषध टाळावे, हा संकेत कायम राहिला. स्तनाच्या कर्करोगाशी असलेला, १९७४ मध्ये सुचविला गेलेला संबंध मात्र पुढील अभ्यासांत सिद्ध झाला नाही.

येथे मात्रेचा प्रश्न निर्णायक ठरतो. रिसर्पिनची दैनिक मात्रा सामान्यतः ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम इतकी अल्प असते. याउलट मुळाच्या चूर्णातील अल्कलॉइडचे प्रमाण जमीन, ऋतू व वनस्पतीचे वय यांनुसार बदलते. परिणामी एकाच वजनाच्या दोन पुड्यांचा परिणाम समान असेलच असे नाही. वैद्यकीय देखरेखीशिवाय, विशेषतः रक्तदाबाच्या अन्य गोळ्यांसोबत, असे चूर्ण घेणे म्हणूनच धोकादायक ठरते.

वनस्पतीवरील संकट :
औषध मुळात असल्याने ते काढताना संपूर्ण रोप नष्ट होते. वाढत्या मागणीमुळे नैसर्गिक अधिवासातील सर्पगंधा दुर्मिळ झाली आणि १९९० मध्ये तिचा समावेश ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करण्यात आला.

निष्कर्ष :
सर्पगंधेच्या इतिहासावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. परंपरागत ज्ञान केवळ जुने म्हणून त्याज्य ठरत नाही. तसेच ते केवळ नैसर्गिक म्हणून सुरक्षितही ठरत नाही. जो घटक रोग्यास बरे करतो, तोच मात्रा चुकल्यास अपाय करतो. म्हणून वनौषधींचे प्रमाणीकरण, चिकित्सकांची देखरेख आणि लागवडीद्वारे संवर्धन या तिन्ही बाबींना समान महत्त्व देणे आवश्यक आहे.