दोन तास तेरा मिनिटं

“चालू आहे ना थे? मंग हात कायले लावता?” अकोला-अमरावतीकडच्या सहकारी बँकेत एटीएमचा स्विच चालवणाऱ्या जुन्या युनिक्स सर्व्हरच्या अपग्रेडचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा संचालक बेफिकीर नसतो. स्विच बंद म्हणजे एटीएम बंद, आणि एटीएम बंद म्हणजे बाजारपेठेत बोंब, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून अपग्रेड दिवाळीनंतर, मार्चएंडनंतर, ऑडिटनंतर असं सरकत राहतं. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८मध्ये जे गुदरलं, ते या प्रश्नाचं उत्तर म्हणून वऱ्हाडातल्या प्रत्येक संचालक मंडळानं तासागणिक वाचावं असं मला वाटतं.

शुक्रवार, १० ऑगस्ट २०१८

अमेरिकेची तपास यंत्रणा एफबीआय बँकांना एक गोपनीय इशारा पाठवते: येत्या काही दिवसांत जगभरातल्या एटीएममधून एकाच वेळी बेसुमार रोकड काढली जाण्याची शक्यता आहे. अशा हल्ल्यांत पूर्वी लहान आणि मध्यम बँका सापडल्या, कारण बहुधा त्यांचं सुरक्षेचं बजेट तोकडं असतं आणि भिस्त बाहेरच्या वेंडरवर असते, असंही त्यात म्हटलं आहे. हा इशारा जगजाहीर होतो रविवारी. तोवर शनिवार उलटून गेलेला असतो.

शनिवार, ११ ऑगस्ट, सकाळ

महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. आषाढ अमावास्या, घरोघरी दिवे घासून पूजेला मांडलेले. पुढचा रविवारही सुट्टीचाच. माणसं घरी आहेत, स्विच मात्र चालू आहे.

स्विचचं काम साधं आहे. एटीएममध्ये कार्ड सरकवलं की विचारणा स्विचकडे येते. तो ती कोअर बँकिंगकडे, म्हणजे खात्यांच्या मुख्य यंत्रणेकडे, नेतो, खात्यात पैसे आहेत का हे तिथे बघितलं जातं, आणि ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ असं उत्तर त्याच वाटेनं परत जातं. कॉसमॉसच्या बाबतीत या वाटेवर एक खोटा स्विच बसवलेला होता. विचारणा कोअर बँकिंगपर्यंत पोचतच नव्हती. उत्तर मधूनच जात होतं, आणि ते कायम ‘द्या’ असंच होतं.

दुपारी ३ नंतर

बँकेच्या तक्रारीप्रमाणे सगळा प्रकार दुपारी ३ ते रात्री १० या वेळातला. बनावट व्हिसा कार्डं घेतलेली माणसं २८ देशांतल्या एटीएमसमोर उभी राहतात. साधारण ४५० कार्डं, सुमारे १२,००० व्यवहार, ७८ कोटी रुपये. ही परदेशातली उचल अवघ्या २ तास १३ मिनिटांत उरकते. भारतात रुपे कार्डांवर २,८४९ व्यवहार होऊन आणखी अडीच कोटी निघतात. त्यातली काही रोकड कोल्हापुरातून काढलेली होती.

त्याच वेळात, पुण्यात

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो हा अर्धा तास. व्हिसाकडून मुख्य कार्यालयाला निरोप येतो की तुमच्या कार्डांवर मोठमोठ्या रकमांच्या हजारो मागण्या येत आहेत. बँकेतले लोक आपल्या पडद्यावर बघतात. काहीच वावगं नाही! खात्यांत हालचाल नाही, शिल्लक जशीच्या तशी. पडदा खोटं बोलत नव्हता, कारण त्या व्यवहारांची कोअर बँकिंगला खबरच नव्हती. साधारण अर्ध्या तासानं, खबरदारी म्हणून, कॉसमॉसची सगळी कार्डं थांबवायची परवानगी व्हिसाला दिली जाते. त्या अर्ध्या तासात जगभर नोटा बाहेर पडतच होत्या. त्या खोलीतल्या कर्मचाऱ्यांना मी दोष देणार नाही. स्वतःच्या यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

रविवार, १२ ऑगस्ट

व्हिसाकडून पूर्ण यादी येते. आकडा आता समोर आहे.

सोमवार, १३ ऑगस्ट, सकाळी ११:३०

बँक एटीएमचा घोळ निस्तरत असताना दुसरा घाव बसतो. स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यावरून खोटे आदेश देऊन १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यात वळते होतात. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

मंगळवार, १४ ऑगस्ट

चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल. गेलेला पैसा बँकेचा आहे, ठेवीदारांच्या खात्यांना धक्का नाही, असं बँक सांगते. पण एटीएम आणि नेटबँकिंग बंद ठेवावं लागतं. थोड्या तासांच्या डाउनटाइमला नकार देणाऱ्या प्रत्येक बँकेनं ही सक्तीची बंदी आठवावी.

मंगळवार, २ ऑक्टोबर

अमेरिकी सरकार ‘फास्टकॅश’ नावाची पद्धत उघड करतं. उत्तर कोरियाशी जोडलेले हॅकर बँकांच्या स्विच सर्व्हरवर घुसून मागण्यांना खोटी मंजुरी देतात, तीही बहुधा फारशी उलाढाल नसलेल्या किंवा शून्य शिल्लक असलेल्या खात्यांवर. त्यात बँकांची नावं नाहीत, कॉसमॉसचंही नाही. मात्र पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटानं कॉसमॉसचा हल्लाही उत्तर कोरियाच्याच खाती मांडला.

२ ऑक्टोबरच्या त्या अमेरिकी इशाऱ्यातलं एक वाक्य मी अनेकांना वाचून दाखवलं आहे. त्याचा आशय असा: हल्ल्यात सापडलेले सगळेच्या सगळे स्विच सर्व्हर आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्सच्या अशा आवृत्त्यांवर चालत होते, ज्यांचा सपोर्ट संपलेला होता. लगेच पुढे हेही म्हटलं आहे की एआयएक्समधल्या एखाद्या भोकातून चोर शिरल्याचा पुरावा नाही. म्हणजे जुनी आवृत्ती हेच दार होतं असं म्हणता येत नाही. मग सगळीकडे तीच खूण का? माझं मत असं, की ज्या यंत्राला वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही, त्याच्याकडे कुणी बघतही नाही. कोणती प्रोसेस कुणाची, कोणतं लॉगिन कुणाचं, कोणती फाइल कधी आली, हे अपग्रेडच्या निमित्तानं तपासावंच लागतं. ते निमित्तच आलं नाही, तर परकी फाइल सुखानं नांदते.

१९ ऑक्टोबर २०१८ला रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट जारी केली. एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. हे सगळे रोकड काढणाऱ्यांच्या साखळीतले. खोटा स्विच बसवणारे हात कोर्टापुढे आलेच नाहीत.

येता कोणताही शनिवार, अकोला किंवा अमरावती

दिवसा, स्विच चालू असतानाच: चालू ऑपरेटिंग सिस्टिमची प्रत, म्हणजे एआयएक्सच्या भाषेत एमकेसिसबी, काढून दुसऱ्या इमारतीत ठेवायची. मग दुसऱ्या डिस्कवर सिस्टिमची नक्कल करून अपग्रेड त्या नकलेवरच चढवायचं. मूळ डिस्कला धक्का नाही, एटीएमही चालू.

रात्री ११: ग्राहकांना आधी कळवलेलं असल्यानं स्विच थांबवायचा. नव्या डिस्कवरून रिबूट.

मध्यरात्रीनंतर: वेंडरच्या माणसाला शेजारी बसवून प्रत्येक लॉगिन आणि प्रत्येक प्रोसेसची ओळख पटवायची. मग चाचणीच्या कार्डानं शंभर रुपये काढायचे आणि ते कोअर बँकिंगमध्ये खरोखर वजा झाले का, हे एटीएमच्या पावतीशी ताडून बघायचं. शून्य शिल्लक असलेल्या खात्याचं कार्डही घालायचं. त्याला नकारच मिळाला पाहिजे.

पहाटे ३: काही अडलं, तर बूटलिस्ट, म्हणजे यंत्र कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं ती यादी, बदलून जुन्या डिस्कवर परत, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा.

यासाठी लागते एक जादा डिस्क, वेंडरशी करार आणि संचालक मंडळाचा ठराव. वेंडर म्हणाला की आमचं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर चालत नाही, तर ते कधी चालेल याची तारीख त्याच्याकडून लेखी घ्यावी, आणि ती पुढच्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर चढवावी.