आणेवारी, वेचणी आणि बिटकॉइनची डिफिकल्टी

पेढी नदीकाठच्या वलगावात काय किंवा वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात काय, हंगामाचा एकूण कापूस कुणी शेताशेतात तराजू लावून मोजत नाही. तो आकडा अंदाजानेच काढला जातो. ब्रिटिश अमदानीतली रीत अशी: भरघोस पिकाचे सोळा आणे धरायचे, शेतं पाहून यंदाचं पीक किती आणे ते ठरवायचं आणि पेऱ्याचं क्षेत्र, प्रमाण उतारा व आणेवारी यांचा गुणाकार करायचा. गुणाकार बिनचूक असे, पण त्यातला सगळ्यात वजनदार आकडा पाहणाऱ्याच्या नजरेवर उभा असे. पीक बुडालं तर साऱ्यातली सूट त्याच आणेवारीवर ठरे, म्हणजे निकालात अनेकांचं हित गुंतलेलं. पुढे आणे गेले, पैसेवारी आली. 50 पैशांची रेषा दुष्काळी सवलतींसाठी आजही महत्त्वाची आहे. न दिसणाऱ्या एकूण आकड्याचा अंदाज विश्वासाचा कधी होतो, या प्रश्नाचं पक्कं उत्तर मात्र वऱ्हाडातही शोधलं गेलं, आणि बिटकॉइनच्या मायनिंगची, म्हणजे नवे ब्लॉक शोधणाऱ्या यंत्रांची, एकूण ताकद मोजणाऱ्यालाही तेच उत्तर लागतं, असं माझं मत आहे.

1942-43 च्या हंगामात इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीच्या योजनेतून अकोला जिल्ह्यात कपाशीच्या उताऱ्याची पाहणी झाली. व्ही. जी. पानसे आणि आर. जे. कळमकर यांचं हे काम. त्यांनी नजर बाजूला ठेवली. गाव, शेत आणि शेतातला तुकडा यादृच्छिक निवडीने ठरवला. ज्वारीसारखी कपाशी एकदाच कापून मोकळं होता येत नाही. ती वेच्यावेच्याने हाती येते, त्यामुळे त्याच तुकड्यावर पुन्हा पुन्हा जाऊन प्रत्येक वेच्याचं वजन घ्यावं लागतं. या खटाटोपाची खरी कमाई म्हणजे आकड्यासोबत त्याच्या चुकीची मर्यादाही सांगता येऊ लागली. नजरेच्या आणेवारीला ती कधीच सांगता आली नव्हती. तुकडा केवढा असावा यावर पुढे सुखात्मे आणि महालनोबिस या संख्याशास्त्रज्ञांमध्ये मोठा वाद झाला. तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची झाडं आत धरली जातात आणि उतारा फुगतो, हे सुखात्म्यांनी दाखवून दिलं.

बिटकॉइनच्या जाळ्यातही अडचण हीच: किती यंत्रं चालू आहेत, याची नोंद कुठेच नसते. दिसतात ते फक्त सापडलेले ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचे गठ्ठे. डिफिकल्टीला, म्हणजे ब्लॉक शोधणं किती अवघड आहे ते सांगणाऱ्या आकड्याला, 2 च्या 32 व्या घाताने गुणून एका ब्लॉकला लागलेल्या सरासरी सेकंदांनी भागलं की एकूण ताकदीचा अंदाज मिळतो. दर दहा मिनिटांना एक या हिशेबाने दिवसाला 144 ब्लॉक अपेक्षित असतात, पण शोध हा निव्वळ योगायोग असल्याने एकही यंत्र न वाढता किंवा न घटता ती संख्या 12 ने सहज इकडेतिकडे होते. म्हणजे एका दिवसाच्या अंदाजात आठ टक्क्यांची चूक नेहमीचीच. डिफिकल्टी बदलण्याआधी 2016 ब्लॉक थांबण्याचा नियम आहे. तेवढ्या नमुन्यात चूक दोन टक्क्यांच्या आसपास येते. एका दिवसाच्या आकड्यावरून ताकद कोसळल्याची बातमी देणं म्हणजे बांधावरून आणेवारी सांगणं.

कुणी म्हणेल, ब्लॉक तर नेमके मोजता येतात, तिथे नजरेचा प्रश्नच कुठे? पण वजन अकोल्याच्या तुकड्यावरही नेमकंच होतं. अंदाज होता तो त्यावरून काढलेला जिल्ह्याचा उतारा. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: निम्मे ब्लॉक झाले की निम्मा निकाल हातात असतो, मग पुढचा बदल आधी सांगणं सोपंच. योगायोगापुरतं हे खरं आहे. यंत्रं बंद करणारी माणसं मात्र कुठल्याही सूत्रात बसत नाहीत. 2021 मध्ये चीनने मायनिंगवर बंदी आणली आणि 3 जुलैला डिफिकल्टी सुमारे 28 टक्क्यांनी उतरली. मेच्या सुरुवातीच्या ब्लॉकांवरून हे कुणाला सांगता आलं नसतं.

हा हिशेब न केल्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. 2018 मध्ये पुणे पोलिसांच्या तपासात आलेल्या ‘गेनबिटकॉइन’ योजनेत मायनिंगच्या नावावर 18 महिने दरमहा 10 टक्के बिटकॉइन परताव्याचं आश्वासन होतं. एकट्या 2017 मध्ये डिफिकल्टी पाच पटींहून जास्त वाढली. त्या वाढीत तेच यंत्र वर्षअखेर आधीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी नाणी काढतं. ठरलेला हप्ता नुसत्या मायनिंगमधून निघणं अशक्य होतं, आणि हे ताडून पाहायला लागणारे सगळे आकडे त्या वर्षीही कुणालाही पाहता येत होते.