पंप ड्राय व्हायला वीस तास

सोमवार, १ जानेवारी २०२४. संध्याकाळी ७

नाशिक. पहिला मेसेज मेव्हण्याचा येतो. 'गाडीत पेट्रोल भरून ठेवा, उद्यापासून तीन दिवस मिळणार नाही.' पुढे उद्गारचिन्हांची माळ. माझ्या स्कूटरचा काटा निम्म्यावर आहे आणि ऑफिस चार किलोमीटरवर. दहा-बारा दिवसांची ददात नाही. मी फोन पालथा ठेवतो.

मेसेज अगदीच हवेतला नव्हता. सोमवारीच मनमाडजवळच्या पानेवाडीत टँकरचालकांनी काम थांबवलं होतं. तिथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत, आणि नाशिकच काय, पार मराठवाड्यापर्यंतचे पंप त्यांच्या भरवशावर चालतात. हजारावर गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. कारण डिसेंबरात मंजूर झालेली भारतीय न्याय संहिता. हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल जुन्या ३०४ अ कलमात जास्तीत जास्त दोन वर्षं होती. नव्या १०६(२) मध्ये, अपघातानंतर न कळवता पळून गेलेल्या चालकाला दहा वर्षांपर्यंत. सात लाखांच्या दंडाचीही आवई उठली होती. कलमात रकमेचा आकडाच नाही. पण आकडा खोटा असला तरी भीती खरी होती. थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर दहा वर्षं, असं चालक म्हणत होते. मला ते तेव्हाही पटलं होतं.

रात्री ८.३०

पुढचा मेसेज आईच्या फोनवर येतो. आई अठ्ठ्याहत्तरची. ती मेसेज वाचत नाही, हुकूम सोडते. "अरे, भरून आण आत्ताच. उद्या जाशील तर नरसाळं अडकवलेलं असेल."

नरसाळं म्हणजे १९७३ चं. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल रोखून धरलं आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपासचं तेल नव्या वर्षात अकरा डॉलरच्या पुढे गेलं. नोव्हेंबरात वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले, तो फोटो आजही फिरतो. आईच्या लेखी ही सगळी दिल्लीतली मौज. ती तेव्हा मुंबईच्या चाळीत, नव्या संसारात. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांबरोबर बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरत होत्या तो काळ. तिच्यासाठी टंचाई म्हणजे घासलेटची रांग. रांगेत माणसं कमी, डबे जास्त. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकात एक दगड. डब्याला सुतळी, सुतळीला रेशन कार्डावरच्या नावाची चिठ्ठी. एकदा तीन तासांनी तिचा डबा पुढे सरकला, तेव्हा दुकानदाराने नरसाळं उलटं करून झटकलं आणि खिळ्याला अडकवलं. तो बोलला काहीच नाही. 'संपलं' हा शब्द परवडला असता, म्हणते ती.

त्यानंतर आमच्या ओट्याखाली घासलेटची एक भरलेली बाटली कायम असे. गॅस आल्यावरही बरीच वर्षं.

रात्री १०

मी गेलो. निम्म्या टाकीने गेलो, हे नोंदवून ठेवतो.

रांग पंपाबाहेर, वळणापलीकडे. आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ या पंपावर मॅनेजर आहेत. हातात डिप रॉड. तो जमिनीखालच्या टाकीत सोडायचा, ओली खूण बघायची, तक्त्यावरून लिटर काढायचे. ते दर अर्ध्या तासाने डिप घेत होते, जसा तापाच्या माणसाचा थर्मामीटर. "एरवी दुचाकीवाला शंभराचं टाका म्हणतो," ते म्हणाले. लिटर तेव्हा १०६ च्या वर होतं, म्हणजे शंभरात लिटरही बसत नव्हतं. "आज जो तो म्हणतो, फुल्ल कर."

हिशेब सोपा आहे आणि भयंकर आहे. समजा टाकीत दहा हजार लिटर आहेत. लिटरभर घेणारे दहा हजार जण त्यात भागतात, पाच लिटर घेणारे फक्त दोन हजार. शहरात पेट्रोल एक थेंबही कमी झालेलं नसतं. ते पंपाच्या पोटातून निघून सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये जाऊन बसतं.

माझ्या पुढच्या माणसाने बंद पडलेली जुनी स्कूटर अंगावर कलती केली, तळाशी उरलेले चार थेंब कार्बोरेटरला पोचावेत म्हणून. मला १९९० आठवलं. ऑगस्टात सद्दाम कुवेतमध्ये शिरला, ऑक्टोबरात सरकारने इंधनावर २५ टक्के आखाती अधिभार लावला, आणि आमचे दादा बजाज अशीच कलती करून किक मारायचे. रिझर्व्ह लागला की घरात कुणी मोठ्याने बोलत नसे.

बाटल्या घेऊन आलेल्यांना हाकललं जात होतं. माझा नंबर साडेअकराला लागला. २.७ लिटर बसलं.

मंगळवार, सकाळी ६

रांग रात्रीचीच आहे की नवी, कळत नाही. सकाळी येणारी गाडी आलेली नाही.

दिवसभरात

चंदीगडमध्ये प्रशासनाने मर्यादा घातली: दुचाकीला दोन लिटर, चारचाकीला पाच. मोठी अक्कल. आदल्या रात्रीच हे आमच्याकडे झालं असतं तर मलाही दोनच लिटर मिळालं असतं, आणि बरं झालं असतं. हैदराबादेत जेवण पोचवणारा एक पोरगा घोड्यावर बसून निघाल्याचा व्हिडिओ येतो. सगळे हसतात. वाजपेयींच्या बैलगाडीलाही हसलेच असतील.

दुपारी ३

ऑफिसातून बँकेत जाताना पंपावरून गेलो. मशीनमधून आधी फेस, मग नुसती हवा. टाकीच्या तळाशी थोडं पेट्रोल राहतं, पण ते नळी ओढत नाही; त्याला डेड स्टॉक म्हणतात. पोऱ्याने नोझल हुकाला अडकवलं. बोलला काहीच नाही. मग दोरी बांधली.

दोरीपाशी शाळेची व्हॅन चालवणारे काका उभे होते. काल रात्री पोरांना सोडून दमून झोपले, म्हणून आले नव्हते. "उद्याच्या बारा पोरांचं काय करू?" त्यांनी मलाच विचारलं. माझी स्कूटर शेजारी उभी, काटा पार उजवीकडे टेकलेला. मी हेल्मेट काढलं नाही.

रात्री

दिल्लीत केंद्रीय गृहसचिव अजय भल्ला आणि मालवाहतूकदारांच्या संघटनेची बैठक झाली. कायदा अजून लागू नाही, १०६(२) लावण्याआधी तुमच्याशी बोलू, असं सरकारने सांगितलं; चालकांनी कामावर परतावं, असं संघटनेने. (१ जुलैला संहिता लागू झाली, ती हे पोटकलम बाजूला ठेवूनच.)

आई बातम्या बघून झोपायला गेली. जाताना म्हणाली, "तरी भरलंस ते बरं केलंस."

शुक्रवार, सकाळी ९

पंपावर शुकशुकाट. सगळ्या गावाच्या टाक्या भरलेल्या. टाकीत माल आहे, गिऱ्हाईक नाही. मॅनेजर प्लास्टिकच्या खुर्चीत चहा घेत बसलेले. पोऱ्याने मला लांबूनच ओळखलं आणि हात हलवला, "या साहेब, या, रांग नाही!"

मी हवा भरून निघालो.